सिबिल कमी आलं म्हणून होम लोन अडलंय? आधी रिपोर्ट हातात घ्या, मग पुढचं बघू

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ एक टू बीएचके बघितला, बिल्डरकडे ५१ हजार टोकन दिलं, आणि दोघांच्या सॅलरी स्लिपा घेऊन बँकेत गेलो. पगार बसत होता, वय बसत होतं, फ्लॅटची कागदपत्रं क्लिअर होती. साहेबांनी पॅन नंबर टाकला, थोडा वेळ स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमचं सिबिल बसत नाहीये." माझा स्कोअर ६४१ होता. नवऱ्याचा ६८८. मी आयुष्यात कुणाचे पैसे बुडवले नव्हते, त्यामुळे आधी विश्वासच बसेना, मग राग आला, मग दोन दिवस रडू आलं. त्यातून बाहेर यायला आम्हाला सव्वा वर्ष लागलं. २०२५ च्या फेब्रुवारीत लोन सँक्शन झालं तेव्हा माझा स्कोअर ७५८ होता. मधल्या काळात काय केलं, कुठे वेळ वाया गेला, कुठे फसता फसता राहिलो, ते सगळं खाली क्रमाने लिहिते. ज्यांचं लोन आत्ता अडलंय त्यांनी तर वाचाच, पण ज्यांना दोन-तीन वर्षांनी घर घ्यायचंय त्यांनी आधी वाचा, कारण तुमच्याकडे वेळ आहे आणि इथे वेळच सगळ्यात जास्त कामाला येतो.

१. सिबिल म्हणजे नक्की काय ते आधी समजून घ्या

आपण सगळे "सिबिल" म्हणतो पण सिबिल ही एक कंपनी आहे, २००० साली सुरू झालेली, आता तिचं नाव ट्रान्सयुनियन सिबिल. अशा एकूण चार कंपन्या आपल्या देशात आहेत: सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. चौघांवर रिझर्व्ह बँकेचं लक्ष असतं आणि २००५ चा एक खास कायदा त्यांना लागू आहे. तुम्ही बँकेकडून, फायनान्स कंपनीकडून, अर्बन बँकेकडून कर्ज किंवा कार्ड घेतलं की त्याची माहिती ती संस्था या चौघांकडे पाठवते, त्याचा तुमच्या नावाचा एक रिपोर्ट बनतो, आणि त्यावरून ३०० ते ९०० मधला एक आकडा, म्हणजे स्कोअर, निघतो. साधारण ७५० च्या वर असला की बँका खूश असतात, ७०० च्या खाली आला की प्रश्न सुरू होतात. पक्की रेषा अशी नाही, प्रत्येक बँकेचं वेगळं असतं.

तुमचा पगार, एफडी, एलआयसी, शेती, सोनं, बँकेतलं बॅलन्स, यातलं काहीही या रिपोर्टमध्ये नसतं. माझ्या एका मामांची चाळीस लाखांची एफडी आहे आणि स्कोअरच नाही, कारण त्यांनी कधी कर्जच घेतलं नाही. घेतलेलं कर्ज वेळेवर फेडलं की नाही, एवढंच इथे बघतात.

आणि याचा पैशात फरक किती पडतो? बऱ्याच बँका होम लोनचा दर स्कोअर बघून ठरवतात. ३० लाखांचं लोन २० वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता साधारण २६,०३५ येतो, नऊ टक्क्यांनी २६,९९२. महिन्याला साडेनऊशे रुपयांचा फरक किरकोळ वाटतो, पण २० वर्षांत तो सव्वादोन लाखांच्या वर जातो.

२. रिपोर्ट काढा, आणि फुकट काढा

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार जानेवारी २०१७ पासून या चारही कंपन्यांना तुम्हाला वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट स्कोअरसकट फुकट द्यावा लागतो. म्हणजे वर्षाला चार रिपोर्ट फुकट मिळतात. मी आता दर तीन महिन्यांनी एकीकडून काढते, त्यामुळे वर्षभर लक्ष राहतं.

काढायला लागतं काय: पॅन, जन्मतारीख, मोबाइल नंबर आणि ईमेल. ओटीपी येतो, झालं. त्या त्या कंपनीच्या स्वतःच्या साइटवर जा, तिथे पैसे भरून घ्यायचे महिन्याचे-वर्षाचे प्लॅनही दिसतील, ते घाईघाईत घेऊ नका, वर्षातून एकदा फुकटवाला पर्याय शोधा.

इथे लोक तीन गोष्टींत अडकतात:

एक, "स्वतः चेक केलं की स्कोअर कमी होतो." होत नाही. तुम्ही स्वतः कितीही वेळा बघा. बँकेने तुमच्या अर्जावरून बघितलं की त्याची नोंद होते, त्याला एन्क्वायरी म्हणतात, ते वेगळं.

दोन, पेमेंट ॲपवर दिसणारा नुसता आकडा. तो ठीक आहे अंदाजासाठी, पण तो कधी एका कंपनीचा असतो कधी दुसरीचा, म्हणून एका ॲपवर ७३० आणि दुसऱ्यावर ७६० दिसतं आणि माणूस गोंधळतो. आकड्यावरून रोग कळत नाही. पूर्ण रिपोर्टची पीडीएफ पाहिजे.

तीन, जुना मोबाइल नंबर. तुमचा नंबर बदललाय आणि कर्जाला जुनाच जोडलेला असेल तर ओटीपी जुळताना अडचण येते. आधी बँकेत नंबर अपडेट करा.

३. रिपोर्ट प्रिंट करा आणि बसून वाचा

हे मी कळकळीने सांगते. मोबाइलवर वर-खाली करून काही कळत नाही. आम्ही कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून दोघांचे मिळून ३४ पानं प्रिंट काढली, रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर पसरली, एक पट्टी आणि हिरवा-लाल पेन घेऊन बसलो. जे बरोबर त्याला हिरवी टिक, जे कळलं नाही किंवा चूक वाटलं त्याला लाल गोल.

पहिला भाग असतो तुमच्या माहितीचा. नाव, पॅन, पत्ते, नंबर. हा वगळून लोक पुढे जातात, जाऊ नका. माझ्या रिपोर्टमध्ये माहेरचं नाव आणि सासरचं नाव अशी दोन्ही होती, ते चालतं, पण पत्त्यांमध्ये अमरावतीचा एक पत्ता होता जिथे मी कधी पायसुद्धा ठेवला नाहीये. ओळखीचं नसलेलं काहीही दिसलं की लाल गोल. नावात साम्य असलं, जन्मतारीख जवळपास असली, पॅनचं एखादं अक्षर कुणीतरी चुकीचं टाकलं की दुसऱ्याचं कर्ज आपल्या नावावर येऊन बसतं. आपल्याकडे एका तालुक्यात एकाच नाव-आडनावाची पाच माणसं निघतात, त्यामुळे हे होतं. माझ्या नणंदेच्या रिपोर्टमध्ये असंच कुणाचं तरी टू व्हीलर लोन होतं.

दुसरा भाग खात्यांचा. प्रत्येक कर्जाला आणि कार्डाला एक चौकट असते: कुणी दिलं, कधी दिलं, किती दिलं, आता किती बाकी, किती थकलंय, आणि खातं चालू की बंद. याच चौकटीत खाली महिन्यांचे छोटे छोटे रकाने असतात, मागच्या ३६ महिन्यांचे. त्यात ००० किंवा एसटीडी असेल तर हप्ता वेळेवर. ०३० असेल तर त्या महिन्यात ३० दिवस थकलेला. ०९० च्या पुढे गेलं की बँकेच्या भाषेत ते एनपीए, म्हणजे थकीत-बुडीत धरलेलं कर्ज. एक्सएक्सएक्स असेल तर घाबरू नका, त्या महिन्यात बँकेने माहितीच पाठवलेली नाही.

माझ्या पहिल्या क्रेडिट कार्डाच्या चौकटीत मला तो शब्द दिसला ज्याने आमचं लोन अडवलं होतं. सेटल्ड.

झालं असं होतं की २०१४ मध्ये पुण्यात पहिली नोकरी लागली तेव्हा कंपनीच्या कँटीनबाहेर टेबल लावून कार्ड देत होते, मी पण घेतलं. २०१६ मध्ये नोकरी सोडली, बिल जुन्या ऑफिसच्या मेलवर जात राहिलं, तीन हजारांच्या आतलं बिल व्याज, लेट फी आणि वार्षिक फी धरून ११,६०० झालं. २०१८ मध्ये वसुलीवाल्याचा फोन आला, "मॅडम, साडेचार हजार भरून टाका, फाइल क्लोज करतो." मी त्याच दिवशी भरले आणि सुटले असं वाटलं. सेटल्ड या शब्दाचा अर्थ बँकांच्या लेखी असा होतो की हिने पूर्ण पैसे दिले नाहीत, ७,१०० आम्ही सोडून दिले. पुढची प्रत्येक बँक ते वाचते.

तिसरा भाग एन्क्वायरीचा. कुठल्या संस्थेने कोणत्या तारखेला तुमचा रिपोर्ट मागवला त्याची यादी. यातली एखादी तुम्ही केलेलीच नसेल तर लगेच सावध व्हा, त्याबद्दल खाली सांगते.

४. स्कोअर कशाने पडतो ते तुमच्या घरच्या हिशोबात शोधा

नेटवर टक्केवारीचे गोल चार्ट फिरतात, ३५ टक्के याला, ३० टक्के त्याला. नेमकं सूत्र या कंपन्या जाहीर करत नाहीत, त्यामुळे टक्केवारीच्या मागे लागू नका, क्रम लक्षात ठेवा. सगळ्यात मोठी गोष्ट हप्ते वेळेवर जातात का. मग कार्डाची लिमिट किती वापरता. मग किती जुनी खाती आहेत आणि कसली कर्जं आहेत, तारण ठेवून घेतलेली की बिनतारणी. आणि मग अलीकडे किती ठिकाणी अर्ज केलेत.

हप्ता बाउन्स होणं: बहुतेक वेळा पैसे नसतात म्हणून नाही तर तारीख चुकते म्हणून बाउन्स होतो. पगार ७ ला आणि हप्ता ५ ला, किंवा हप्त्याचं खातं वेगळं आणि पगाराचं वेगळं. माझ्या धाकट्या दिराने दिवाळीत मोबाइल घेतला नो कॉस्ट ईएमआयवर, महिना १,८९९, आणि शेवटच्या हप्त्याला खात्यात १,७५० होते. दीडशे रुपये कमी! बाउन्सचा चार्ज लागला तो लागला, रिपोर्टमध्ये त्या महिन्याला डाग पडला. दुकानात दहा मिनिटांत होणारं ते मोबाइल-टीव्ही-फ्रिजचं ईएमआय म्हणजे पूर्ण कर्जच असतं, रिपोर्टमध्ये वेगळी चौकट घेऊन येतं. यावर उपाय म्हणजे बँकेला सांगून हप्त्याची तारीख पगारानंतरची करून घ्या, आणि त्या खात्यात कायम एक जास्तीचा हप्ता पडून राहू द्या.

कार्डाची लिमिट: हे मला सगळ्यात उशिरा कळलं. माझ्या दुसऱ्या कार्डाची लिमिट ५० हजार, मी घरातला सगळा खर्च त्यावरच करायचे, महिन्याला ४०-४२ हजार, आणि बिल आलं की पूर्ण भरायचे, एक रुपया व्याज कधी दिलं नाही. तरी स्कोअर हलत नव्हता. कारण बँक रिपोर्टला पाठवते ती त्या दिवशीची बाकी, आणि ती दिसायची ५० पैकी ४२. बघणाऱ्याला वाटतं ही बाई काठोकाठ कर्जावर जगते. मग मी दोन गोष्टी केल्या. बिल तयार व्हायच्या तारखेच्या तीन-चार दिवस आधीच ३०-३२ हजार भरून टाकायला लागले, आणि बँकेने लिमिट वाढवायचा मेसेज पाठवला होता तो स्वीकारला पण खर्च तेवढाच ठेवला. लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत वापर राहिला तर चांगलं असं सगळे सांगतात, मीही तेच धरून चालते. तीन महिन्यांत फरक दिसला.

मिनिमम ड्यू: कार्डाचं फक्त मिनिमम भरलं तर हप्ता थकला असं दिसत नाही हे खरं, पण उरलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर, आणि बाकी फुगत जाते तसा लिमिटचा वापरही फुगतो. ते घरच्यांपासून लपवून महिनोन् महिने मिनिमम भरत बसलेली माणसं मी बघितली आहेत. लपवू नका, घरात सांगा, एखादी एफडी मोडा, पण ते आधी संपवा.

एकदम चार ठिकाणी अर्ज: एका बँकेने नाही म्हटलं की माणूस घाबरून दुसरीकडे तिसरीकडे जातो, किंवा एजंटला कागद देतो आणि तो एजंट एकाच दिवशी पाच फायनान्स कंपन्यांत लॉगिन करतो, म्हणजे आपल्या नावाने अर्ज टाकतो. पाच एन्क्वायऱ्या. सहाव्या बँकेला वाटतं याला पैशाची फार निकड आहे. एजंटला कागद देताना लेखी सांगा की मला विचारल्याशिवाय कुठेही लॉगिन करायचं नाही.

जुनं कार्ड बंद करणं: खूप जुनं, बिनफीचं, व्यवस्थित चाललेलं कार्ड असेल तर ते राहू द्या, महिन्यातून एकदा पेट्रोल भरा. नको असलेलं कार्ड मात्र रीतसर बंद करा, नुसतं कात्रीने कापून ड्रॉवरमध्ये टाकू नका, माझी चूक तीच होती. बाकी शून्य असेल आणि तुम्ही बंद करायची विनंती केली तर सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर बँकेला दिवसाला ५०० रुपये दंड द्यावा लागतो, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

५. जामीनदार म्हणून कुठे कुठे सह्या केल्यात ते आठवा

हा मुद्दा वेगळा काढते कारण आपल्याकडे हा फार आहे. भावाचं, मेव्हण्याचं, मित्राचं, ऑफिसातल्या सहकाऱ्याचं कर्ज, आणि "फक्त सही पाहिजे रे". नवऱ्याने २०२१ मध्ये एका जवळच्या मित्राला दुकानासाठी ४ लाखांच्या कर्जाला जामीन दिला होता. रिपोर्टमध्ये ते कर्ज नवऱ्याच्या नावाखाली आलं होतं, पुढे लिहिलेलं गॅरंटर, आणि रकान्यांमध्ये दोन महिने थकलेले. मित्र लबाड नव्हता. पावसाळ्यात धंदा बसला होता आणि सांगायला त्याला संकोच वाटला.

१८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ असं सांगतं की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. म्हणजे बँक आधी त्याच्याकडेच जाईल, मग माझ्याकडे येईल, असं काही नाही. तुमची सही म्हणजे अर्धं कर्ज तुमचंच आहे असंसुद्धा समजू नका, पूर्ण तुमचंच समजा. आणि बँक तुमच्या होम लोनची पात्रता काढताना हेही धरू शकते.

आधीच सही केली असेल तर काय? नुसतं पत्र देऊन जामिनातून बाहेर पडता येत नाही, कर्ज फिटलं पाहिजे किंवा बँकेने दुसरा जामीनदार मान्य केला पाहिजे. आम्ही मित्राकडे गेलो, भांडलो नाही, त्याच्या घरी चहा घेत बसलो आणि थकलेले दोन हप्ते, प्रत्येकी ९,८०० रुपये, आम्ही भरले, त्याने ते पुढे सहा महिन्यांत परत केले. आता दर तीन महिन्यांनी तो स्वतःहून त्या कर्जाचं स्टेटमेंट व्हॉट्सॲपवर पाठवतो. मैत्री टिकली. सही करायच्या आधीच हे ठरवून घेतलं असतं तर तो अवघड दिवस आला नसता, म्हणून तुम्ही आधीच ठरवून घ्या.

६. कागद गोळा करा

दुरुस्तीच्या आधी ही फाइल तयार ठेवा, मग बँकेत चार फेऱ्या वाचतात:

- पॅन आणि आधारची प्रत (झेरॉक्सवर आडवं लिहा कशासाठी दिली आणि तारीख टाका)
- रिपोर्टची प्रिंट, ज्यावरचा कंट्रोल नंबर (त्या रिपोर्टचा ओळख क्रमांक) वाचता येतोय
- ज्या खात्याबद्दल तक्रार आहे त्याचं स्टेटमेंट
- पैसे भरल्याची पावती किंवा बँक स्टेटमेंटमधली ती ओळ, यूटीआर नंबरसकट (त्या व्यवहाराचा क्रमांक)
- नो ड्यूज सर्टिफिकेट किंवा एनओसी (काही बाकी नाही असं बँकेचं पत्र)
- सेटलमेंट झालं असेल तर त्या वेळचं पत्र
- लग्नानंतर नाव बदललं असेल तर मॅरेज सर्टिफिकेट किंवा गॅझेटची प्रत
- प्रत्येक अर्जाची शिक्का मारलेली पोच

माझ्याकडे २०१८ च्या साडेचार हजारांची पावती नव्हती. बँकेच्या शाखेतून सहा वर्षांपूर्वीचं स्टेटमेंट काढून आणलं, त्यात ती ओळ सापडली तेव्हा मला खरंच हायसं वाटलं.

७. दुरुस्ती: चूक असेल तर एक रस्ता, खरं असेल तर दुसरा

चूक असेल तर: दुसऱ्याचं कर्ज, फिटलेलं कर्ज अजून चालू दिसतंय, रक्कम चुकीची, तर ज्या कंपनीच्या रिपोर्टमध्ये चूक आहे तिच्या साइटवर लॉगिन करून डिस्प्यूट, म्हणजे नोंद चुकीची असल्याची तक्रार, टाका. फी नाही. पण ती कंपनी स्वतःहून काही खोडू शकत नाही, ती तुमच्या बँकेला विचारते आणि बँकेने हो म्हटलं की बदलते. म्हणून त्याच दिवशी बँकेच्या तक्रार विभागालाही मेल करा, कागद जोडून. आणि चूक चारपैकी किती रिपोर्टमध्ये आहे तेही बघा, एकीकडे दुरुस्त झाली म्हणजे चारही ठिकाणी झाली असं धरू नका.

रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली पाहिजे, त्यातले २१ दिवस बँकेने आपली माहिती पाठवायला. उशीर झाला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळते, हे २०२४ च्या एप्रिलपासून लागू आहे. बँकेला मेल लिहिताना मी या नियमाचा शांतपणे एका ओळीत उल्लेख करायचे. उत्तरं पटकन यायला लागली.

खरं असेल तर: माझं सेटल्ड खरंच होतं. मग डिस्प्यूट करून उपयोग नसतो. मी बँकेला पत्र दिलं की सोडून दिलेले ७,१०० मला भरायचे आहेत, तुमचा आकडा लेखी द्या. तो आकडा लेखी यायलाच पाच आठवडे गेले, कारण कार्ड जुनं, शाखा म्हणते कार्ड विभागाला विचारा, कार्ड विभाग म्हणतो वसुली विभागाला. नेटाने लावून धरा. लेखी आकडा आल्याशिवाय एक पैसा भरू नका, आणि वसुलीवाल्याच्या यूपीआयवर तर मुळीच नाही, थेट बँकेच्या कर्ज किंवा कार्ड खात्यात भरा. भरल्यावर नो ड्यूज घ्या, आणि त्याच पत्रात "खात्याची नोंद क्लोज्ड अशी पाठवावी" हे वाक्य लिहून मागा. मला पत्र मिळालं पण नोंद बदलली नाही, मग ते पत्र जोडून मे २०२४ मध्ये डिस्प्यूट टाकला, २६ व्या दिवशी मेल आला आणि सेटल्डच्या जागी क्लोज्ड दिसलं.

थकलेल्या महिन्यांचे रकाने मात्र पुसले जात नाहीत. ते मागे सरकत जातात, त्यांच्या जागी नवे ००० येत जातात. पूर्वी नोंद महिन्यातून एकदा जायची, २०२५ च्या जानेवारीपासून बँकांना किमान दर पंधरा दिवसांनी माहिती पाठवावी लागते, त्यामुळे सुधारणा आता लवकर दिसते. पण सहा महिने ते वर्ष हातात ठेवाच.

८. "सिबिल दुरुस्त करून देतो" म्हणणाऱ्यांना दारात उभं करू नका

एसटी स्टँडच्या भिंतींवर, विजेच्या खांबांवर पत्रकं असतात, सिबिल खराब असलं तरी लोन, ७ दिवसांत स्कोअर ७५०. आमच्याकडे एकजण १५ हजार मागत होता, त्यातले पाच आगाऊ. खरी नोंद पैसे देऊन कुणी खोडू शकत नाही. चुकीची नोंद तुम्ही स्वतः फुकटात दुरुस्त करू शकता. या लोकांच्या हातात आपला पॅन, आधार आणि ओटीपी जातो हे सगळ्यात वाईट.

तुम्ही न केलेली एन्क्वायरी किंवा न घेतलेलं कर्ज दिसलं तर त्याच दिवशी १९३० वर सायबर तक्रार करा, त्या संस्थेला आणि चारही कंपन्यांना लेखी कळवा. तुमचा रिपोर्ट कुणी मागवला की एसएमएस किंवा मेल यायला पाहिजे अशीही आता सोय आहे, म्हणून नंबर आणि मेल चालू ठेवा. आईबाबांच्या नावाने पण एकदा रिपोर्ट काढून बघा. त्यांच्या कागदांच्या झेरॉक्स कुठे कुठे गेल्यात ते त्यांनाही आठवत नसतं.

९. स्कोअरच नसेल तर

नवीन नोकरीवाले, गृहिणी, कायम रोखीने व्यवहार करणारे, यांच्या रिपोर्टमध्ये एनएच किंवा उणे एक येतं. तो खराब स्कोअर नाही, फक्त पाटी कोरी आहे. नुसता इतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याचा अर्ज नाकारू नका असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलंय, आणि पहिल्या कर्जासाठी किमान स्कोअरची अट नाही हे सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेतही सांगितलं. पीककर्जाला सिबिलची सक्ती करू नका असंही राज्य सरकार बँकांना वारंवार बजावत असतं. शाखेत वेगळा अनुभव आला तर नकार लेखी मागा.

पाटी भरायला सोपा उपाय म्हणजे एफडीवर मिळणारं क्रेडिट कार्ड. माझ्या बहिणीने २० हजारांची एफडी ठेवून घेतलं, त्यावर फक्त मोबाइल रिचार्ज आणि गॅस, बिल ऑटो पे वर. वर्षभरात तिचा स्कोअर तयार झाला. स्कोअर व्हावा म्हणून गरज नसताना पर्सनल लोन मात्र घेऊ नका, व्याज फुकट जातं.

१०. तरीही कुणी ऐकलं नाही तर

३० दिवस झाले, उत्तर नाही किंवा पटलेलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. २०२२ च्या सप्टेंबरपासून या क्रेडिट कंपन्यांविरुद्धची तक्रारही तिथे करता येते. सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या साइटवर अर्ज भरायचा, फी नाही, वकील लागत नाही. काही विचारायचं असेल तर १४४४८ वर फोन करा. आधी बँकेकडे किंवा त्या कंपनीकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा मात्र लागतोच, म्हणून वरची ती पोच आणि मेल जपून ठेवायला सांगितलं.

११. लोन मिळाल्यावर, आणि पुढे फिटल्यावर

सँक्शन झालं की पहिल्या दोन हप्त्यांवर स्वतः लक्ष ठेवा, ऑटो पे चालू व्हायला कधी एखादा महिना जातो आणि पहिलाच हप्ता थकलेला दिसतो. आमचा पहिला हप्ता मी बँकेत जाऊन भरला, कारण मँडेट (खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी) अजून रजिस्टर झालं नव्हतं, आणि शाखेतल्या बाईंनी सांगितलं नसतं तर ते आम्हाला कळलंही नसतं.

आणि कुठलंही कर्ज फिटलं की त्याच आठवड्यात एनओसी मागा. घराचे मूळ कागद ३० दिवसांत परत द्यावे लागतात, बँकेच्या चुकीमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. गाडीचं कर्ज असेल तर आरटीओत जाऊन आरसी बुकवरचा बोजा उतरवा. मग महिनाभराने रिपोर्ट काढा, त्या चौकटीत बाकी शून्य आणि क्लोज्ड दिसतंय का बघा, आणि ते पान एनओसीच्या मागे टाचून फाइलला लावा.